फवारणीच्या औषधाचे प्रमाण कसे काढावे?

कर्जत व खालापूर तालुक्यांत भात हे खरिपाचे मुख्य पीक आहे. त्यावर खोडकिडा, तुडतुडे किंवा निळे भुंगेरे यांचा उपद्रव वाढला म्हणजे फवारणी करावी लागते. अशा वेळी औषध टोपणाने अदमासे ओतण्याची सवय घातक आहे. ते कमी पडल्यास कीड मरत नाही. अधिक झाल्यास खर्च वाढून पिकास व फवारणाऱ्यास अपाय होतो. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरू नये.

बाटलीवरील ‘२० ई.सी.’ याचा अर्थ, शंभर भागांत मूळ औषध २० भाग आहे; बाकीचे द्रावक व इतर घटक होत. म्हणून हिशेब पुढीलप्रमाणे करावा :

लागणारे औषध = (पाणी × हवी असलेली तीव्रता) ÷ बाटलीतील तीव्रता

उदाहरण : पंप १५ लिटरचा, म्हणजे १५,००० मि.लि. हवी असलेली तीव्रता ०.०५ टक्के, औषध २० ई.सी.
१५,००० × ०.०५ = ७५०; ७५० ÷ २० = ३७.५ मि.लि.

बाटलीतील द्रव शंभर टक्के औषधच आहे असे समजून हिशेब केल्यास उत्तर ७.५ मि.लि. येते. हे प्रमाण आवश्यकतेच्या केवळ एक-पंचमांश होय. याउलट, शिफारस ‘दहा लिटर पाण्यास २० मि.लि.’ अशी दिली असेल, तर टक्केवारी काढू नये. १५ लिटरच्या पंपास दीडपट, म्हणजे ३० मि.लि. घ्यावे.

क्षेत्राचाही मेळ घालावा. हेक्टरी ५०० लिटर पाणी सांगितले असल्यास गुंठ्यास सुमारे ५ लिटर पडते. म्हणजे एक पंप तीन गुंठ्यांस पुरला पाहिजे. तोच दीड गुंठ्यात संपविल्यास, तीव्रता बरोबर असूनही जमिनीवर दुप्पट औषध पडते.

हा हिशेब ग्रामसभेत मिठाने शिकवावा. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळविले म्हणजे ३ टक्क्यांचे द्रावण होते. त्यात भाताचे बियाणे टाकून तरंगणारे पोचट दाणे काढावेत; तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत वाळवावे.

औषध मोजपात्रानेच मोजावे, काठीने ढवळावे. हात घालू नये. उरलेले द्रावण व पंप धुतलेले पाणी विहीर, ओढा, उल्हास वा पाताळगंगा यांत जाऊ देऊ नये. कोणते औषध व किती तीव्रता, हे वेष्टनावरील सूचना वाचून किंवा कर्जतच्या प्रादेशिक कृषि संशोधन केंद्रात विचारून ठरवावे.

सरावासाठी : पाणी १० लिटर, औषध २५ ई.सी., तीव्रता ०.०५ टक्के. (उत्तर : २० मि.लि.)