चंचल मूल व आनुवंशिकता

मुलुंडचे एक पालक खिन्न होऊन मला म्हणाले, “मास्तर, पुष्कळ मारून पाहिलें, पण हा एका जागीं बसत नाहीं. मीही लहानपणीं असाच होतों.” त्यांच्या शेवटल्या वाक्यांतच अर्धें उत्तर होतें.

लंडन येथील डॉ. जॉर्ज स्टिल ह्यांनीं १९०२ सालीं अशा मुलांचें वर्णन केलें. पुढें जुळ्या भावंडांच्या अभ्यासानें कारणावर प्रकाश पडला. एकरूप जुळ्यांचीं जनुकें सारखीं असतात. भिन्न जुळ्यांचीं सरासरीनें निम्मींच. एक मूल अतिचंचल असल्यास दुसरेंही तसेंच असण्याचा संभव एकरूप जुळ्यांत पुष्कळ अधिक आढळला. ह्यावरून मुलामुलांतील ह्या फरकाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग आनुवंशिक ठरतो. मात्र ह्यास एकच जनुक कारण नाहीं. २०२३ सालच्या एका मोठ्या संशोधनांत गुणसूत्रांवरील २७ स्थानें सांपडलीं. प्रत्येकाचा परिणाम अल्पच. म्हणून रक्त तपासून निदान होत नाहीं. घरांतील व शाळेंतील वर्तन पाहूनच तज्ज्ञ तें ठरवितात.

तथापि आनुवंशिक म्हणजे अटळ नव्हे. वडिलांप्रमाणें अधू दृष्टि लाभलेल्या मुलास आपण चष्मा देतों, मारीत नाहीं. तसेंच ह्या मुलास पहिला बांक, थोडें थोडें काम, खेळावयास मैदान व वेळींच वैद्यांचा सल्ला द्यावा.

विद्यार्थ्यांनो, असा सोबती वर्गांत असल्यास त्यास हंसूं नका. त्या पालकांस मीं एवढेंच सांगितलें, “आपण मार्गास लागलांत, तसा हाही लागूं शकेल, छडी तेवढी ठेवून द्या.”