धंद्याच्या हिशेबात स्वतःला धरा : तब्येत, वेळ आणि विक्री यांचा मेळ



गटांच्या बैठकांना फिरताना एक वाक्य सारखं कानावर पडतं. मालाची किंमत कशी काढली असं विचारलं की ज्वारी, गॅस, पिशव्या, गाडीभाडं सगळं बरोबर सांगतात. मग मी विचारते, "आणि तुमची मजुरी?" तेव्हा उत्तर येतं, "घरचंच तर काम आहे, त्याचे काय पैसे धरायचे?"

या महिन्याचा आपला पाठ याच वाक्यावर आहे. आपली मजुरी धरली नाही की माल स्वस्त जातो. स्वस्त गेला की तेवढेच पैसे मिळवायला जास्त माल करावा लागतो. जास्त माल म्हणजे जास्त तास. ते तास येतात कुठून? झोपेतून, जेवणातून, विश्रांतीतून. मग कंबर धरते, चक्कर येते, आणि आठ दिवस काम बंद. धंदा बंद पडला तरी कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून तब्येत, वेळ आणि विक्री हे तीन वेगळे विषय नाहीत. एकाच हिशेबाच्या तीन बाजू आहेत.

१. आधी तासांचा हिशेब

सोलापूरकडची कडक भाकरी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची, म्हणून तिचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. तुमच्या गावचे भाव घालून हाच हिशेब तुम्ही परत करा.

समजा एक ताई रोज १०० भाकरी करतात. त्यांचा खर्च असा :

- ज्वारी ७ किलो, ५० रुपये किलोने : ३५० रुपये
- दळण : ४० रुपये
- गॅस किंवा सरपण : १०० रुपये
- पिशव्या, लेबल : ५० रुपये
- जाण्यायेण्याचं भाडं : ६० रुपये
- एकूण : ६०० रुपये

भाकरी ८ रुपयाला विकली तर ८०० रुपये येतात. ताई म्हणतात, "दिवसाला २०० सुटले, बरं आहे की!" आता घड्याळ बघू. दळण आणणं अर्धा तास, थापणं आणि भाजणं साडेचार तास, कडक करून पॅक करणं दीड तास, दुकानात पोचवणं दीड तास. झाले आठ तास. २०० भागिले ८ म्हणजे तासाला २५ रुपये.

गावात खुरपणीला तासाला ५० रुपये मिळतात असं धरलं, तर या ताई स्वतःच्याच धंद्यात अर्ध्या मजुरीवर राबतात. आठ तासांचे ४०० रुपये खर्चात धरले की १०० भाकरींचा खरा खर्च १००० रुपये होतो. म्हणजे एक भाकरी १० रुपयाला पडते, आणि यात नफा अजून धरलेलाच नाही. ८ रुपयाला विकताना वरचे २ रुपये कोण भरतंय? ताईंचं शरीर भरतंय.

२. भाव वाढत नसेल तर तास कमी करा

"दुकानदार १० रुपये देत नाही" ही अडचण खरी आहे. अशा वेळी दुसरा रस्ता म्हणजे तास वाचवणं. आणि तिथेच गट कामाला येतो.

लिज्जत पापड तुम्ही सगळ्यांनी खाल्ला असेल. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावमध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. त्यांची कामाची पद्धत बघा. पीठ शाखेत मळून मिळतं, बाई ते घरी नेऊन पापड लाटते, लाटलेले पापड शाखेत देते आणि मजुरी घेते. पापड लाटणारीला बाजारात दारोदार फिरावं लागत नाही. कामं वाटलेली आहेत.

आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. पाच जणी भाकरी करतात आणि पाचही जणी रोज तालुक्याला जातात, तर रोजचे साडेसात तास आणि ३०० रुपये भाड्यात जातात. पाळी लावून एकीनेच सगळ्यांचा माल नेला तर काय होईल? तिला थोडा जास्त वेळ लागेल, दोन तास धरू. दिवसाला साडेपाच तास वाचले. प्रत्येकीच्या वाट्याला भाडं ६० च्या जागी १२ रुपये, आणि काम आठऐवजी सुमारे सात तास. आता १०० भाकरींचा खर्च मजुरीसकट ९०० रुपयांच्या आसपास आला. म्हणजे भाकरीला १० ऐवजी ९ रुपये. मालात काहीच कमी केलं नाही, फक्त फेऱ्या कमी केल्या. ज्वारीही एकत्र घेतली तर आणखी फरक पडतो.

३. विक्रीलाही वेळेचं कुंपण घाला

मोबाईल आल्यापासून विक्री सोपी झाली, पण रात्री दहालाही ऑर्डर येते आणि आपण "हो" म्हणून मोकळ्या होतो. त्यासाठी चार नियम करा :

- उद्याची ऑर्डर आज संध्याकाळी ६ पर्यंतच घ्यायची. हे व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर लिहून ठेवा. गिऱ्हाईकाला सवय लागते.
- मेसेजला उत्तर दिवसातून दोन वेळा द्या, दुपारी आणि संध्याकाळी. पिठाच्या हाताने फोन घेऊ नका.
- झेपते तेवढीच ऑर्डर घ्या. जास्त आली तर नाकारू नका, गटातल्या दुसरीला द्या. गिऱ्हाईक गटातच राहतं.
- उधारी वहीत लिहा आणि वसुलीचा वार ठरवा. उधारीसाठी मारलेली फेरी हाही आपला वेळच आहे.

लग्नसराई आणि दिवाळीत मागणी वाढते हे आपल्याला आधीच माहीत असतं. त्या महिन्यात मदतीला कोण येणार, हे महिनाभर आधी बैठकीत ठरवा.

४. शरीराची देखभाल

गिरणीच्या पट्ट्याला, तव्याला आपण जपतो. तेवढं तरी स्वतःला जपू या.

रक्त : गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. थोड्या कामाने दम लागणं, डोळ्यापुढे अंधारी येणं ही लक्षणं असतात. उपकेंद्रात तपासणी होते, लोहाच्या गोळ्याही मिळतात. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, त्याने अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. लिंबू किंवा आवळा खाल्ला तर जास्त लागतं.

पाणी : बाजारात लघवीला जागा नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्याने लघवीला जळजळ होते, इन्फेक्शन होतं. बाजाराला दोघी मिळून जा, एकीने माल सांभाळावा. स्वच्छतागृह कुठे आहे हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा. जळजळ, ताप असेल तर लाजू नका, लगेच दाखवा.

कंबर आणि धूर : तासभर बसलं की उठून पाच मिनिटं चाला. जमलं तर शेगडी ओट्यावर घ्या. चूल असेल तर धूर बाहेर जाईल अशी जागा करा. मिरची कुटताना, भाजताना नाकातोंडाला कापड बांधा.

तिशीनंतर : बीपी आणि साखर वर्षातून एकदा तरी तपासा. आयुष्मान आरोग्य मंदिरात ही तपासणी मोफत होते. कधी जायचं ते आशाताईंना विचारा.

घरातही हा हिशेब एकदा सगळ्यांसमोर मांडा. धंद्याचे पैसे घरात येतात, तर पाणी भरणं, पोरांचा डबा, दळण यातलं एखादं काम घरातल्या दुसऱ्या कुणी घ्यावं. आठ तास धंदा आणि त्यावर सगळं घरकाम, असं एका बाईला फार दिवस झेपत नाही.

पुढच्या बैठकीसाठी अभ्यास

१. एक दिवस निवडा. उठल्यापासून झोपेपर्यंत कोणत्या कामाला किती वेळ गेला ते लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीला, सुनेला सांगा.
२. वरच्यासारखा खर्च मांडा आणि तुमची तासाची कमाई काढा.
३. गटात मिळून ठरवा : आपण एकत्र करू शकतो असं एक काम कोणतं?
४. ज्यांनी वर्षभरात रक्त तपासलं नाही त्यांची यादी करा आणि सगळ्या मिळून एकाच दिवशी जा.

तासाची कमाई कमी निघाली तर लाजायचं कारण नाही. आकडा समोर आला की दुकानदाराशी भावाचं बोलायला बळ येतं. हिशेबाच्या वह्या घेऊन या, बैठकीत एकत्र बसून तपासू.

– तुमची क्षेत्र समन्वयक