वेरूळची यात्रा आणि ऋतुमान : भाविकांसाठी माहिती

॥ ॐ नमः शिवाय ॥

छत्रपती संभाजीनगरपासून (पूर्वीचे औरंगाबाद) सुमारे ३० किलोमीटर अंतरावर वेरूळ येथे श्री घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे. मुंबई, कोकण व गोव्याकडून असंख्य भाविक येथे दर्शनास येतात. सागरकिनारी राहणाऱ्यांच्या शरीरास जी हवा परिचित असते, तिच्याहून येथील हवा अगदी भिन्न आहे. हा भेद ध्यानी न घेतल्यास वृद्ध व बालकांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून येथील ऋतुमानाची माहिती येथे देत आहोत.

किनारा आणि पठार

पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. जमीन लवकर तापते व लवकर निवते. रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरील गावी मे महिन्यातही दुपारचे तापमान साधारणतः ३२ ते ३३ अंश सेल्सिअस असते आणि जानेवारीची पहाटही फारशी गार नसते. वेरूळ मात्र समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर आहे. येथे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो, तर जानेवारीच्या पहाटे तो ११-१२ अंशांपर्यंत उतरतो.

दुसरा भेद आर्द्रतेचा. किनाऱ्यावर घाम अंगावर राहतो, त्यामुळे शरीरातील पाणी जात असल्याची जाणीव होते. येथील कोरड्या उन्हाळी हवेत घाम येताक्षणी वाळतो. अंग कोरडे असल्याने ‘आपल्याला घाम येत नाही’ असा समज होतो व पाणी पिण्याचे राहून जाते. खरा धोका येथेच आहे. तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे.

ऋतूनुसार दक्षता

उन्हाळा (मार्च ते जूनचा आरंभ) : दर्शन शक्यतो सकाळी लवकर घ्यावे. दुपारी १२ ते ४ या वेळात लेणी पाहण्यास जाऊ नये. तेथील काळा पाषाण उन्हाने तापतो व तळपाय भाजतात. हनुमान जयंतीस संभाजीनगरहून खुलताबादच्या श्री भद्रा मारुतीस अनेक भाविक रात्री पायी जातात. या प्रथेत दुपारचे ऊन आपोआप टळते. पायी जाणाऱ्यांनी सोबत पाणी अवश्य ठेवावे.

पावसाळा (जून ते सप्टेंबर) : सह्याद्री ओलांडताना मोसमी वाऱ्यांतील बराचसा पाऊस घाटमाथ्यावरच पडून जातो. त्यामुळे येथे वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटरच पाऊस होतो. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचे तापमान ३० अंशांच्या आसपास असते. श्रावणातील हवा सुखद असली तरी ओल्या पायऱ्यांवर जपून चालावे.

हिवाळा (नोव्हेंबर ते फेब्रुवारी) : दिवस उबदार व रात्र थंड, असा १५ अंशांहून अधिक फरक एकाच दिवसात पडू शकतो. गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी कमरेवरील वस्त्र उतरविण्याची प्रथा आहे. पहाटेच्या दर्शनास येणाऱ्या वृद्धांनी बाहेर येताच पांघरण्यासाठी शाल जवळ ठेवावी. महाशिवरात्र ही थंडी व उन्हाळा यांच्या सांध्यावर येते. रांगेत उभे राहणाऱ्यांना त्या दिवशी रात्री शाल आणि दुपारी पाणी, दोन्हीही लागतात.

उष्माघात ओळखावा कसा?

डोके दुखणे, चक्कर, मळमळ व पायांत गोळे येणे ही प्रारंभीची लक्षणे होत. अशा व्यक्तीस तत्काळ सावलीत नेऊन मीठ-साखरेचे पाणी किंवा जलसंजीवनी घोट घोट पाजावी. अंग अतिशय तापले, बोलण्यात असंबद्धता आली अथवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. कपडे सैल करून सर्वांगावर गार पाणी शिंपडावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

उन्हाळ्यात निर्जळी उपवास करून रांगेत उभे राहणे वृद्ध, गर्भवती, मधुमेही व हृदयविकार असलेल्यांनी कटाक्षाने टाळावे. पाणी प्यायल्याने भक्तीत उणेपणा येत नाही. बरोबरच्या वृद्धांना दर तासाला पाणी विचारणे हीदेखील सेवाच आहे.

सर्व भाविकांची यात्रा सुखरूप व सफल होवो, हीच श्री घृष्णेश्वराचरणी प्रार्थना.