हळदीचा अर्क, पायपरिन आणि शोषणाचा प्रश्न

अँटिऑक्सिडंट म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रव्यांत सध्या कर्क्युमिनचा क्रमांक बराच वरचा आहे. मात्र परीक्षानळीत दिसणारा गुण शरीरात दिसावयाचा तर द्रव्य रक्तात पोहोचले पाहिजे, आणि कर्क्युमिनचे घोडे नेमके येथेच अडते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जे थोडे शोषले जाते, त्याचे आतड्याची भित्ती व यकृत तत्काळ रूपांतर करून टाकतात.

यावर बंगळूर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली उपाय दाखविला. २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर माणसांत त्याची जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. वेष्टनांवर झळकणारा आकडा तो हाच. ही वाढ जवळजवळ शून्य असलेल्या पातळीवरची आहे, हे मात्र वेष्टन सांगत नाही.

पायपरिन केवळ दीपन करून थांबत नाही. औषधांचे रूपांतर करणारी विकरे आणि औषध आतड्यात परत लोटणारी यंत्रणा यांना ते रोखून धरते. द्वारपालच बाजूला सारला, की कर्क्युमिनच्या मागोमाग इतर औषधेही आत येतात. फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल व थिओफिलिन यांची रक्तातील पातळी पायपरिनमुळे वाढल्याचे मानवी अभ्यासांत आढळले आहे. याच गुणाचा हेतुपुरस्सर उपयोग करून २००९ साली भारतात क्षयाचे एक संयुक्त औषध आले. त्यात १० मिलिग्रॅम पायपरिनच्या जोडीने रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली गेली. एवढे सामर्थ्य असलेले द्रव्य 'निव्वळ मिऱ्याचा अर्क' म्हणून हातावर ठेवणे योग्य नव्हे.

अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदजालाने हळदीच्या पूरकांमुळे यकृतास इजा झालेल्या १० रुग्णांचा अहवाल २०२२ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी ५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एक दगावला. तपासलेल्या ७ उत्पादनांपैकी ३ मध्ये पायपरिन होते. दोष पायपरिनचाच, असे यावरून म्हणता येत नाही. ७ रुग्णांत एक विशिष्ट आनुवंशिक घटकही आढळला होता. तथापि सुमारे ३ टक्के कर्क्युमिन असलेली स्वयंपाकघरातील हळद आणि ९५ टक्क्यांचा अर्क यांना एकच मानून हरिद्रेची ग्रंथोक्त निर्दोषता कॅप्सूलला बहाल करणे हा तर्कदोषच होय.

आपल्या त्रिकटूचे काय? मिऱ्यात पायपरिन साधारणतः ५ टक्के धरले, तर ३ ग्रॅम त्रिकटूतील एकट्या मिऱ्यातूनच ५० मिलिग्रॅम जाते, पिंपळीचे वेगळे. चरकाने विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पलीचा अतियोग निषिद्ध मानला आहे, हे येथे आठवावे.

म्हणून कॅप्सूल असो वा चूर्ण, देण्यापूर्वी अपस्मार, हृद्रोग, दमा व रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत काय, हे वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी विचारावे. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे ही लक्षणे उद्भवताच पूरक थांबवून यकृताची तपासणी करवावी. फेनिटॉइन घेणाऱ्याचा चालताना तोल जाऊ लागला, तर वातप्रकोप ठरविण्याआधी रक्तातील फेनिटॉइनची पातळी पाहून घ्यावी.