आधी अर्थिंग, मग फ्रीजर

पोरी, चिपळूणच्या बाजारपेठेत गाळा घेतलास, आइस्क्रीम आणि फ्रोझन मासळी दोन्ही ठेवणार आहेस, ऐकून फार बरं वाटलं. डीप फ्रीजर कुठल्या कंपनीचा घेऊ, असं विचारलंस. ज्याचा सर्व्हिसवाला चिपळुणातच आहे, अशा कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचा घे. पण ऑर्डर द्यायच्या आधी गाळ्याची वायरिंग आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घे. माणसं फ्रीजरचे लिटर मोजतात, काच मोजतात, आणि तो ज्या बोर्डाला लावायचा त्या बोर्डाकडे बघतसुद्धा नाहीत. माझी सगळी हयात फ्रीज-दुरुस्तीत गेली. जळालेले जेवढे कॉम्प्रेसर मी उघडले, त्यांतले पुष्कळसे लाईनीच्या दोषानं गेलेले होते.

अर्थिंगचं नीट ऐक, कारण इथे प्रश्न मालाचा नाही, जिवाचा आहे. फ्रीजरची बॉडी पत्र्याची असते. आत कॉम्प्रेसरचं वाइंडिंग जुनं झालं, किंवा उंदरानं वायर कुरतडली, की करंट बॉडीवर येतो. अर्थिंग धड असेल तर तो करंट वायरीतून जमिनीत जातो आणि लाईन ट्रिप होते. अर्थिंग नसेल तर तो पत्र्यावर तसाच उभा राहतो, कुणाचा तरी हात लागायची वाट बघत. तुझ्या दुकानात बर्फ वितळणार, मासळीचं पाणी सांडणार, फरशी कायम ओली. पावसाळ्यात गिऱ्हाईक ओल्या चपलेनं येऊन दरवाजाच्या हँडलला हात घालणार, त्यात लहान मुलंही असणार. हँडलला नुसत्या मुंग्या आल्यासारखं वाटलं, तरी ‘थोडा करंट मारतो’ म्हणून सोडून द्यायचं नाही. त्याच क्षणी एमसीबी खाली पाडायची आणि दुरुस्ती होईपर्यंत वर करायची नाही.

आपल्या कोकणात अर्थिंगची एक अडचण घाटावरच्या माणसाला पटकन कळत नाही. आपली जमीन जांभ्याची. पावसात ती भिजून चिंब असते, पण जांभ्यात पाणी टिकत नाही, मार्च-एप्रिलपर्यंत कोरडीठाक होते. म्हणजे ऑगस्टमध्ये मोजलेलं उत्तम अर्थिंग नेमकं आइस्क्रीमच्या सीझनमध्ये कच्चं पडतं. म्हणून निदान अडीच मीटर लांबीचा पाइप पुरा खोल पुरून घे. कोळसा-मिठाचा खड्डा करणार असशील तर वर झाकण ठेव आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा. माप घ्यायचं ते अर्थ टेस्टरनं आणि एप्रिलमध्ये. मीठ लोखंड खातं, तेव्हा पाइपाचा वरचा क्लॅम्प दरवर्षी उघडून बघायचा. गंजाचा पापुद्रा चढला असेल तर घासून काढून नट पुन्हा आवळायचा. नळाच्या पाइपाला अर्थिंग जोडू देऊ नकोस. आता सगळीकडे प्लास्टिकचे पाइप आहेत, त्यांतून करंट जमिनीत जात नाही.

काही वायरमन फेज आणि अर्थच्या मध्ये बल्ब लावून दाखवतात. बल्ब पेटला की अर्थिंग आहे, असा त्यांचा हिशोब. अर्थिंग कच्चं असेल तर ह्या परीक्षेत त्याच अर्थवायरीला जोडलेल्या दुसऱ्या मशीनच्या बॉडीवर करंट येऊ शकतो. म्हणून अर्थ टेस्टरनंच मोजायला सांग, आणि मोजताना दुकानातले बाकीचे प्लग काढून ठेव.

प्लग टॉपची जाड पिन कुणी कापायला निघाला तर त्याचा हात धर. ती लांब असते ती मुद्दाम. आत जाताना सगळ्यात आधी ती लागते आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटते, म्हणजे फेज जोडलेला असेपर्यंत अर्थ जोडलेलाच राहतो. जुन्या बोर्डाला भोक नाही म्हणून ती पिन कापलेले फ्रीजर मी कितीतरी दुकानांत पाहिले. बोर्ड बदलायला शंभर-दोनशे रुपये लागतात.

आता लाईन. एका फ्रीजरला एक स्वतंत्र पॉइंट, थेट डीबीपासून, म्हणजे एमसीबीच्या पेटीपासून, आलेला. सॉकेट सोळा अँपिअरचं, वायर तांब्याची 2.5 स्क्वेअर एमएमची, पुढे सी-टाइप एमसीबी. सी-टाइप का? तुझ्या फ्रीजरचा चालू करंट दोन-अडीच अँपिअर असेल, पण कॉम्प्रेसर उचलताना तो क्षणभर त्याच्या पाच-सहा पट खेचतो. बी-टाइप एमसीबी तिच्या आकड्याच्या तिप्पट ते पाचपट करंटला लगेच पडू शकते, सी-टाइप पाच ते दहा पटीला. म्हणून मोटरीच्या लाईनीला सी बरी. आणि सारखी ट्रिप होते म्हणून कुणी सोळाच्या जागी बत्तीसची एमसीबी बसवायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठव. एमसीबी वायरीला सांभाळते. तिचा आकडा वायरीच्या ताकदीच्या वर नेलास तर ट्रिप होण्याऐवजी वायर तापेल, तीही भिंतीच्या आत, जिथे कुणाला दिसणार नाही.

एक्स्टेन्शन बोर्ड, मल्टिपिन, लांबवलेली वायर, ह्यांतलं काही फ्रीजरला नको. दुकान सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एक गोष्ट कर. फ्रीजर तासभर चालू असताना, कोरड्या हातानं, प्लग टॉपच्या पाठीवर पालथा हात ठेवून बघ. कोमट लागला तर चालेल. चटका बसतो आहे असं वाटलं, किंवा जळक्या बेकेलाइटचा आंबूस वास आला, तर एमसीबी पाडून प्लग काढ आणि पिना बघ. चांगली पिन पितळी चमकते. सैल सॉकेटमधली पिन टोकाला काळी-निळी पडलेली असते, आणि सॉकेटच्या तोंडाशी प्लास्टिकला तपकिरी वलय आलेलं असतं. असं सॉकेट आणि प्लग दोन्ही एकदम बदलायचे. नुसता प्लग बदललास तर आतली ढिली झालेली पत्ती नव्या प्लगलाही जाळते.

एमसीबी शॉकपासून वाचवत नाही, हे बऱ्याच दुकानदारांना माहीतच नसतं. माणसाला वाचवते ती आरसीसीबी, 30 मिलिअँपिअरची. गेलेला करंट आणि परत आलेला करंट ह्यांत तेवढा फरक पडला की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडते. पण सगळ्या दुकानाला मिळून एकच आरसीसीबी बसवू नकोस. रात्री बाहेरच्या पाटीच्या दिव्यात पावसाचं पाणी शिरलं की ती पडेल, आणि सकाळपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालेलं असेल. अशाच एका रात्रीनंतर दुकानदार आरसीसीबीच काढून टाकतात आणि लाईन थेट जोडतात, तिथूनच अपघात सुरू होतात. फ्रीजरची वेगळी, दिवे-पंख्यांची वेगळी, असं कर. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून बघायचं. पडली तर ठीक, न पडली तर त्याच दिवशी बदलायची.

व्होल्टेजचं आपल्याकडचं दुखणं तुला ठाऊकच आहे. 230 च्या जागी 170 आले की कॉम्प्रेसरला उठायला जोर पुरत नाही. तो घूं करतो, तापतो, ओव्हरलोड ‘टिक’ करून तोडतो, थोड्या वेळानं पुन्हा तेच. ही टिकटिक ऐकू आली की फ्रीजर बंद कर, कारण दर खेपेला वाइंडिंग भाजत असतं. लाईट गेली आणि लगेच आली, तर तेही वाईट. गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, त्याआधी कॉम्प्रेसर उचलूच शकत नाही. म्हणून टाइम-डिले असलेला स्टॅबिलायझर घे, आणि त्याचा आकार चालू वॅटवर न ठरवता सुरुवातीच्या करंटवर ठरव. फ्रीजर-कंपनी सांगेल त्याहून लहान घेऊ नकोस. वादळात फांदी पडून खांबावरची न्यूट्रल तुटते तेव्हा मात्र व्होल्टेज खाली न येता थेट साडेतीनशे-चारशेच्या घरात जाऊ शकतं. दिवे एकाएकी लखलखले, पंखा सुसाट सुटला, की विचार न करता मेन स्विच पाडायचा.

जागेबद्दल. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत कुठवर आलं होतं, ते तुझ्या गाळ्याच्या शेजाऱ्याला विचार आणि भिंतीवर खूण कर. बोर्ड, सॉकेट, स्टॅबिलायझर, डीबी सगळं त्या खुणेच्या वर जितकं नेता येईल तितकं ने. पाणी माणसाच्या उंचीच्या वर गेलेल्या भागात हे पुरतं जमणार नाही. तिथे निदान मेन स्विच पोटमाळ्याच्या जिन्यापाशी घे, म्हणजे पाण्यात पाय न घालता तो पाडता येईल. रिकामा फ्रीजर पुरात तरंगतो आणि आडवा होतो, तेव्हा पाणी येणार अशी कुणकुण लागली की आधी वीज तोड, प्लग काढ, मग बाकीचं बघ. आणि बुडालेलं मशीन वरून वाळलं म्हणून चालू करायचं नाही. मेगरनं इन्सुलेशन मोजल्याशिवाय प्लग लावायचा नाही, मग ते बाहेरून कितीही कोरडं दिसो.

एरवीसाठी सपाट जागा, मागे आणि बाजूंना कंपनीनं सांगितलेली मोकळीक, शेगडी आणि ऊन दोन्ही लांब. चेस्ट फ्रीजरच्या बाजू गरम लागतात तो बिघाड नव्हे. कॉइल पत्र्याच्या आत असते आणि तिथूनच उष्णता बाहेर पडते. तिथे पुठ्ठे, पोती टेकवून ठेवलीस की कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही.

आणखी एक नवीन गोष्ट आहे, जी आमच्या जुन्या मेकॅनिक लोकांच्या हाताला अजून पुरती बसलेली नाही. आजच्या बऱ्याच फ्रीजरमध्ये आर-290 किंवा आर-600ए गॅस असतो. पहिला म्हणजे प्रोपेन, दुसरा आयसोब्युटेन. ओझोनला बरे, वीजही कमी खातात, पण दोन्ही पेटणारे. कॉम्प्रेसरजवळ ज्वाळेचं चित्र असलेलं पिवळं स्टिकर दिसेल. घरच्या सिलिंडरला वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा, ह्या गॅसला तसा वास नसतो, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली साठतो. म्हणून बर्फ सुरी-पेचकसानं खरवडायचा नाही, कॉइलला भोक पडतं. तसं झालंच तर स्विचला हात न लावता शटर पूर्ण वर कर, सगळ्यांना बाहेर काढ, आणि बाहेरच्या मेनवरून लाईट तोड. आत गॅस असताना सरळ टॉर्च पेटवून ब्रेझिंगला बसणारा मेकॅनिक कितीही जुना, कितीही ओळखीचा असला तरी त्याला हात लावू देऊ नकोस.

जनरेटर घेशील तर चेंजओव्हर स्विचवरच. जनरेटरची वायर प्लगमधून उलटी सोडलीस तर खांबावर चढलेल्या लाईनमनच्या हातात करंट जातो.

टेम्पोतून फ्रीजर उभाच आणायचा. आडवा आणला असेल तर दिवसभर उभा ठेवून मग लावायचा, कॉम्प्रेसरचं तेल परत खाली उतरायला हवं. पहिली रात्र रिकामाच चालव आणि सकाळी आत ठेवलेल्या थर्मामीटरवर बघ. उणे 18 दिसले की आधी तिसरा हिस्सा माल भर, भाराच्या रेषेखाली, तोही गोठलेलाच. पारा वर जाईल. दुपारपर्यंत तो पुन्हा उणे 18 वर आला, तर उरलेल्या मालासाठी गाडीवाल्याला फोन कर.