बोली लावण्याआधी बघ, बापू

बापू, चिखलीच्या एमआयडीसीत तुझी शेड उभी राहिली, आता तिच्यात लेथ हवी. नव्या मशीनचा हप्ता तुला पेलणार नाही हे आपण धरूनच चाललोय, म्हणून तू रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर जुन्या मशीनचे लिलाव चाळत बसतोस. खुशाल चाळ. पुष्कळांच्या शेडमध्ये चांगली मशीन अशीच आली आहे. फक्त प्रत्येक जाहिरातीपुढे दोन प्रश्न वेगवेगळे मांड. विकणारा खरा आहे का? आणि मशीन तो सांगतो तशी आहे का? सरकारी लिलावात विकणाऱ्याची खात्री पुरी असते, मशीनची काहीच नसते. दलालाकडची मशीन उत्तम असेल, पण ती विकायचा हक्क त्याला आहे की नाही हे कळत नाही. एका प्रश्नाला होकार मिळाला की पोरं दुसरा विचारतच नाहीत. तुझ्या या पैशात वहिनीच्या पाटल्या आहेत, म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

आधी सरकारी बाजू. एमएसटीसी ही पोलाद मंत्रालयाखालची कंपनी, १९६४ साली भंगाराच्या व्यापारासाठी निघाली. आज सरकारी कारखाने आणि कंपन्या आपला जुना माल तिच्या पोर्टलवर लिलावाला काढतात. रेल्वेचं आयआरईपीएस नावाचं वेगळं पोर्टल आहे, आणि भुसावळ आपल्याला जवळचं. तिथं नाव नोंदवून ठेव. पण पत्ता स्वतः टाइप करून जा, व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेल्या लिंकवर बोट ठेवू नकोस. हुबेहूब तसंच दिसणारं पान बनवायला आता कुणाला फार अक्कल लागत नाही. अनामत रक्कम भरायची ती पोर्टलनं दाखवलेल्या खात्यातच. 'साहेबांच्या खात्यावर टाका, लॉट तुमच्या नावावर करून देतो' असं म्हणणारा माणूस सरकारी लिलावात असूच शकत नाही.

'बँकेनं जप्त केलेली मशीन' हे वाक्य आजकाल फार ऐकू येतं. ते तपासायला सोपं आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक तारण यंत्रं जाहीर लिलावात किंवा निविदा मागवून विकते, तेव्हा तिला दोन वर्तमानपत्रांत नोटीस द्यावी लागते आणि त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं लागतं. म्हणून विचारायचं, कुठल्या पेपरात, कुठल्या तारखेला? नोटिशीत कर्जदाराचं नाव, राखीव किंमत, अनामत, पाहणीची वेळ हे सगळं वाच. मग त्या शाखेचा नंबर बँकेच्या मूळ संकेतस्थळावरून काढून फोन कर. जाहिरातीतल्या नंबरवर केलास तर उचलणाराही त्या ठगांचाच असेल. दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीची यंत्रं विकणारा लिक्विडेटर असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या संकेतस्थळावर सापडतो, आणि लिलावाची नोटीसही तिथं असते.

आता याच लिलावांची दुसरी बाजू. 'जसं आहे तसं, जिथं आहे तिथं' ही अट प्रत्येक नोटिशीत असते आणि ती शब्दशः लागू होते. गिअरबॉक्स फुटलेली निघाली तरी कुणी ऐकून घेत नाही. म्हणून पाहणीची तारीख ही माझ्या मते अख्ख्या नोटिशीतली सगळ्यात मोलाची ओळ. त्या दिवशी जाता येत नसेल तर तो लॉट सोडून द्यायचा. आणखी दोन ओळी नीट वाचायच्या. एक, लॉट नगावर आहे की टनावर. टनावर असेल तर तू मशीन घेत नाहीस, लोखंड घेतोस, आणि काही लॉटना तर तोडूनच बाहेर न्यायची अट असते. दुसरी, बोली मंजुरीच्या अधीन आहे का. तशी असेल तर सगळ्यात वरची बोली तुझी असूनही मालक नाही म्हणू शकतो आणि तोवर तुझी अनामत अडकून राहते. माल उचलायची मुदत चुकली तर जागाभाडं लागतं, तेही आधी विचार.

खासगी जाहिरातींत खरा घोळ असतो. पहिली मागणी जीएसटी क्रमांकाची कर. तो पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे : आपले २७, गुजरातचे २४, पंजाबचे ०३. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. राजकोटचा व्यापारी म्हणवणाऱ्यानं तिथल्या बिलासाठी २७ चा क्रमांक दिला तर थांब आणि कारण विचार. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर क्रमांक टाकलास की फर्मचं नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, विवरणपत्रं भरली जातात की नाही, हे सगळं फुकट दिसतं. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला, तेव्हा कुणी त्याआधीच्या तारखेचं जीएसटी प्रमाणपत्र पाठवलं तर ते खोटंच. आणि 'तीस वर्षांची पेढी' म्हणणाऱ्याची नोंदणी गेल्या महिन्यातली निघाली तर त्याला एक फोन करून मालकाचं, कारखान्याचं जुनं नाव विचार. खरा माणूस धडाधड सांगतो.

पैसे फर्मच्याच नावाच्या खात्यात जायला हवेत. १ एप्रिल २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनं आरटीजीएस आणि एनईएफटीला खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय बँकांना करायला लावली आहे. ती वापर. नाव जुळलं नाही तर 'माझ्या भाच्याचं खातं आहे' हे कारण ऐकायचं नाही. आणखी एक जुनी तऱ्हा आहे. स्वतःला लष्करातला म्हणवणारा, बदली झाली म्हणून यंत्र स्वस्तात विकतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि ट्रकभाडं आगाऊ मागतो. नांदुऱ्याकडचा एक वेल्डर असाच जनरेटरपायी अडकला. ओळखपत्र पाहून त्याचा ऊर भरून आला होता, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं. लक्षात ठेव, पैसे येण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. गेलेच तर लाजत बसू नकोस, त्याच घडीला १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन कर. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

मशीनवर बोजा आहे का, हे कुणीच विचारत नाही. लहान कारखान्यांची बहुतेक यंत्रं बँकेकडे तारण असतात. कर्ज फिटलं नसताना मालकानं गुपचूप विकली तर बँक उद्या तुझ्या शेडवर येईल. मूळ खरेदीचं बिल माग आणि बँकेचं ना-हरकत पत्र माग. विकणारी कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तिच्या मालमत्तेवरचे बोजे नोंदलेले दिसतात. बाकीच्यांसाठी सेरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतली नोंद थोडी फी भरून पाहता येते. मशीनच्या अंगावर बँकेचं नाव रंगवलेलं असतं आणि विकताना ते खरवडून काढलेलं असतं, तीही खूण बघ.

आता फोटो. बैलबाजारात आपले लोक शिंगांचा रंग पाहत नाहीत, तोंड उघडून दात पाहतात. लेथचे दात म्हणजे चकाजवळचा बेड. सगळं काम तिथंच होतं, म्हणून झीज तिथंच असते. फोटोत नेमका तोच भाग जॉबनं, चिंध्यांनी किंवा अंधारानं झाकलेला असेल तर तोच फोटो पुन्हा मागव. हिरवा करकरीत रंग पाहून भाळू नकोस. रंगाचा डबा स्वस्त असतो, बेड ग्राइंडिंग महाग. रंग नावाच्या पट्टीवर आणि स्क्रूंच्या खाचांतही गेला असेल तर ती विक्रीसाठी केलेली रंगरंगोटी. मी तर धूळ बसलेल्या, तेलकट मशीनच्या जाहिरातीवर आधी विश्वास ठेवतो, आणि जिथं 'हाफ नट झिजलाय, मोटर नाही' असं स्वच्छ लिहिलंय त्या माणसाला पहिला फोन करतो. दोष सांगणारा विक्रेता मिळाला तर हजार-दोन हजारांसाठी त्याला सोडू नकोस.

पट्टीवरचं नाव वाच, पण त्यावर विसंबू नकोस. म्हैसूर किर्लोस्कर १९४१ पासून हरिहरला लेथ बनवायची. एचएमटी १९५३ ची. या दोन्ही नावांना अजून भाव आहे, म्हणूनच त्यांच्या पट्ट्या दुसऱ्याच ओतीव लेथवर चढतात. एचएमटीची एनएच-२२ म्हणजे सेंटरची उंची २२० मिलिमीटर. फोटोत कुणाला मोजपट्टी धरायला सांग आणि मोजून घे. मोटरच्या पट्टीवर ६० हर्ट्झ लिहिलेलं असेल, भिंतीवरचे प्लग परदेशी असतील आणि जाहिरात चाकणची असेल, तर तो फोटो कुठूनतरी उचललेला आहे. गुगल लेन्समध्ये टाक. तोच फोटो लुधियाना आणि कोइमतूरच्या जाहिरातींत सापडला तर पुढं बोलायचंच नाही. चेंज गिअरचा संच, फेसप्लेट, स्टेडी, चार जबड्यांचा चक हे फोटोत दिसतं का ते मोज. जाहिरातीत 'पूर्ण ॲक्सेसरीजसह' लिहिलेलं असतं आणि उचलताना चकसुद्धा काढून ठेवलेला असतो.

फोटोवर समाधान झालं की व्हिडिओ माग. न थांबवता घेतलेला, कारखान्याच्या दारावरच्या पाटीपासून मशीनपर्यंत. थंड मशीन सुरू करायची, प्रत्येक गिअर टाकून दाखवायचा, क्रॉस स्लाइडचं हँडल उलटसुलट हलवून प्ले दाखवायचा, एखाद्या शाफ्टवर कट मारायचा. 'आत्ता वीज नाही' हे एकदा ठीक आहे. दुसऱ्यांदाही तेच ऐकलं तर तो मोटरचा दोष आहे असं मी धरतो.

मग स्वतः जा. सोबत मॅग्नेटिक स्टँडसकट डायल गेज घे, टॉर्च घे आणि एखाद्या जुन्या टर्नरला घे. त्याच्या एका दिवसाच्या रोजीचा विचार करू नकोस. स्पिंडलच्या नाकावर डायल लाव. चांगल्या लेथवर काटा एका शतांश मिलिमीटरच्या आसपास हलतो. सॅडल चकाजवळ आणून गिब अशी आवळ की ते जेमतेम सरकेल, मग टेलस्टॉककडं ने. तिकडं ते अडकायला लागलं तर चकाजवळ बेड खाल्लाय. पंधरा-वीस सेंटिमीटरचा तुकडा फक्त चकात धरून, टेलस्टॉकचा आधार न देता हलका कट मार आणि दोन्ही टोकं मायक्रोमीटरनं मोज. गिअरबॉक्सचं झाकण उघड. तेल दुधाळ असेल तर पाणी गेलंय, तळाला चमकणारी भुकटी असेल तर दात खाल्लेत. आपल्याकडचं काम काय असतं तुला ठाऊक आहे, जिनिंगचे शाफ्ट, थ्रेशरची पुली, पंपाचे स्लीव्ह. त्यासाठी थोडी झिजलेली लेथ चालते, पण भावही थोड्या झिजलेल्या मशीनचाच द्यायचा.

बोलीचा आकडा घरी बसून काढ. समजा २ लाखांची बोली आणि लिलाववाल्याचं कमिशन ५ टक्के, म्हणजे २,१०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ३७,८००. झाले २,४७,८००, आणि मशीन अजून जागची हललेली नाही. पुढं तिथली हायड्रा क्रेन, ट्रक, इथली हायड्रा, पाया, वायरिंग. तुझी स्वतःची जीएसटी नोंदणी असेल तर कराची वजावट मिळेल, म्हणून पक्कं बिल सोडू नकोस. परराज्यातून ५० हजारांवरचा माल आणताना ई-वे बिल लागतंच. शेवटचा आकडा कागदावर लिहून वहिनीकडं दे. शेवटच्या मिनिटाला बोली आली की बहुतेक लिलावांत वेळ आपोआप वाढते, आणि माणूस त्या वाढलेल्या मिनिटांतच हजार हजार करून वाहवत जातो. कास्तकाराचा थ्रेशर ऐन सोयाबीनच्या हंगामात अडलाय, लेथ आत्ताच हवी, असल्या घाईत तर बोलीला बसूच नकोस. त्या हंगामापुरतं काम खामगावला माझ्याकडं पाठव, मी करून देतो.

दोन सारख्याच मशीन समोर आल्या तर जालना, वाळूज, चिकलठाणा या बाजूची घे. ती देऊळगाव राजावरून सरळ चिखलीला येते. राजकोटची आली तर सुरत, धुळे, जळगाव करत मलकापुरात उतरते आणि पुढं राजूर घाट चढावा लागतो. कुठूनही आण, गाडीत चढवण्याआधी पट्टीवरचा आणि बेडवर ठोकलेला क्रमांक तुझ्या पाहणीच्या फोटोशी जुळवून घे, बदललेली मशीन तिथंच लक्षात येते. हायड्राचा पट्टा बेडखाली घालायला लाव, लीड स्क्रूला किंवा स्पिंडलला दोर लागता कामा नये. सॅडल टेलस्टॉककडं सरकवून दोन्ही लॉक कर, उघड्या भागांना ग्रीस फास, वर ताडपत्री टाक. लेथचं वजन वरच्या अंगाला असतं, वळणावर ती कलंडते, म्हणून घाटातून येणार असेल तर मोताळ्याला गाडी थांबवून चारही बाजूंचे पट्टे स्वतः पुन्हा आवळ.