शालेय ग्रंथपाल आणि तेवीस गोष्टी

शाळेतील ग्रंथपाल या व्यक्तीविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. मुख्याध्यापकांचे गौरव अंक निघतात, आवडत्या गुरुजींवर निबंध लिहिले जातात. ग्रंथपाल मात्र कपाटाच्या किल्ल्या आणि पुस्तक हरवल्याचा दंड एवढ्यापुरतेच आठवतात. वाङ्मय मंडळाच्या एका बैठकीत मी या विषयावर पंधरा मिनिटे बोलले होते. वेळ अपुरा पडला, म्हणून हा लेख.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट हे शहर आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स या काम करीत होत्या. 2006 सालची गोष्ट. इंटरनेटचे स्वरूप त्या सुमारास पालटत होते. तोवर सामान्य माणूस तेथे बहुतांशी वाचायला जात असे. आता तो स्वतः लिहू लागला, छायाचित्रे ठेवू लागला, दुसऱ्याने केलेल्या नोंदीत भर घालू लागला. या नव्या रूपाला ‘वेब 2.0’ असे नाव पडले होते. वाचक पुढे गेला आणि ग्रंथालयाचे कर्मचारी मागे राहिले, तर वाचकाने विचारायचे कोणाला, असा हा पेच होता. स्टीफन एब्रम या ग्रंथालयतज्ज्ञांनी त्याच वर्षी, करून पाहण्याजोग्या त्रेचाळीस गोष्टींविषयी एक लेख लिहिला होता. त्यावरून ब्लोअर्सबाईंना कल्पना सुचली आणि त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसाठी तेवीस छोट्या गोष्टींचा नऊ आठवड्यांचा एक क्रम आखला.

या क्रमात वर्ग नव्हता आणि फळ्यापुढे उभा राहणारा शिक्षकही नव्हता. कामे लिहून दिलेली होती. प्रत्येकाने ती आपापल्या गतीने करावयाची, अडल्यास शेजाऱ्याला विचारावयाचे आणि काय जमले, काय फसले हे स्वतःच्या अनुदिनीत लिहून ठेवायचे. तेवीसही गोष्टी पुऱ्या करणाऱ्याला गाणी ऐकण्याचे एक छोटे यंत्र बक्षीस होते. प्रौढ, नोकरदार माणसांना अशा बक्षिसाचे काय आकर्षण, असे मला प्रथम वाटले. नंतर लक्षात आले की, त्या यंत्रात ध्वनिमुद्रणे भरून ती ऐकणे हेदेखील शिकण्यातच मोडत होते! पुढे हा क्रम अनेक देशांतील ग्रंथालयांनी उचलला. 2007 साली कॅलिफोर्नियातील शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने त्याला शाळेचे रूप दिले. शाळेत ग्रंथपाल बहुधा एकटाच असतो, ज्याला विचारावे असा शेजारी त्याला नसतो. तेव्हा दूरदूरच्या शाळांतील ग्रंथपालांना एकमेकांच्या अनुदिनी वाचता येणे ही त्यांच्या दृष्टीने मोठीच सोय होती.

तेवीस गोष्टींची यादी येथे देत नाही. त्यांपैकी एकीवर मात्र थोडे थांबते, कारण तिच्यात ग्रंथालयशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. ‘लायब्ररीथिंग’ हे 2005 साली सुरू झालेले संकेतस्थळ. त्यावर कोणीही आपल्या पुस्तकांची सूची करावी आणि प्रत्येक पुस्तकाला हवी तितकी खूणशब्दांची लेबले लावावीत. आता ग्रंथालयातील फळीचा विचार करा. मेल्व्हिल ड्यूई यांच्या 1876 सालच्या दशांश पद्धतीतून निघालेल्या आजच्या वर्गीकरणात मराठी साहित्याचा अंक 891.46 आहे आणि मराठी कथा-कादंबरीचा 891.463. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 साली प्रसिद्ध झाली. ती या अंकाखाली एका फळीवर एका जागी बसते. पण सातवीतला मुलगा हा अंक मागत नाही. तो म्हणतो, ‘‘बाई, मेंढरांचे पुस्तक द्या.’’ दुसरा दुष्काळाचे मागतो. तिसऱ्याला गावात नव्याने आलेल्या मास्तरांची गोष्ट हवी असते. तिघांनाही ‘बनगरवाडी’च द्यावयाची असते, आणि ते ज्ञान आजवर फक्त ग्रंथपालाच्या डोक्यात राहत आले आहे. लेबलांमुळे ते कागदावर, निदान पडद्यावर, उतरू शकते. अर्थात फळीचा अंक त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. पुस्तक शेवटी कोठेतरी एका ठिकाणी ठेवावेच लागते.

आज त्या यादीकडे पाहिले तर तिची निम्मीशिम्मी पाने गळलेली दिसतात. निवडक पत्ते जपून ठेवण्याचे ‘डिलिशस’ 2003 साली निघाले, 2005 साली याहूने विकत घेतले, पुढे मालक बदलत गेले आणि 2017 साली तेथे नवी नोंद करणेच थांबले. निरनिराळ्या ठिकाणचे ताजे लेखन एकत्र आणून देणारा ‘गूगल रीडर’ 1 जुलै 2013 रोजी बंद झाला. ‘लायब्ररीथिंग’ टिकले आहे. यादीतील ‘झोहो रायटर’ही टिकला आहे, आणि तो चेन्नईशी नाते सांगणाऱ्या कंपनीचा आहे हे कळल्यावर मला उगाचच बरे वाटले. ज्या ग्रंथपालाने 2007 साली मोठ्या कष्टाने ‘डिलिशस’ आत्मसात केले, त्याचे कष्ट वाया गेले काय? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते मला आमच्या शाळेच्या ग्रंथपालबाईंच्या कामात दिसले, म्हणून त्यांच्याविषयी लिहिते.

बाई अर्धवेळ होत्या. शाळेत संगणक होते, पण त्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे नसे. नव्या साधनांचे प्रशिक्षण झाले तेव्हा शिक्षकांची नावे यादीत होती, बाईंचे नव्हते. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. मी तेव्हा आठवीत होते. आमच्या घरात क्रमिक पुस्तकांखेरीज एक पंचांग आणि एक पोथी एवढेच छापील होते. काही महिन्यांनी वडिलांच्या फोनवर बाईंचा निरोप आला: सोबत पत्रक आहे, हवे ते पुस्तक त्यात लिहा, शनिवारी फाटकापाशी मिळेल. तो गूगलचा फॉर्म होता. बाई तो आपल्या भाचीला विचारून विचारून शिकल्या होत्या. पहिल्या पत्रकात त्या मुलांच्या नावाचा रकानाच ठेवायला विसरल्या, त्यामुळे कोणते पुस्तक कोणाला द्यायचे ते कळेना!

याच काळात पालकांच्या गटांत पुस्तकांच्या पीडीएफ फिरू लागल्या. बाई त्या पुढे पाठवीत नसत. त्यांनी आम्हांला सांगितले की, आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूच्या वर्षानंतर साठ वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांचे लेखन 2011 पासून सर्वांसाठी खुले आहे, पु. ल. देशपांडे 2000 साली गेले, त्यांच्या पुस्तकांना 2060 अखेरपर्यंत थांबावे लागेल. मराठी विश्वकोश मात्र इंटरनेटवर मोफत वाचता येतो हे त्यांनीच दाखवले. त्यातील नोंदी मी वडिलांच्या फोनवर, ते जेवायला बसले असताना वाचत असे.

पत्रकांतली माहिती तक्त्यात आपोआप जमा होत होती. एका शनिवारी बाईंनी तो तक्ता गावच्या वस्त्यांप्रमाणे लावून पाहिला, तेव्हा एका वस्तीतून एकही मागणी आलेली नव्हती. ती ऊसतोड कामगारांची वस्ती. तेथे एकदोन घरीच फोन, तोही साधा. शाळा चालू असताना ही मुले मधल्या सुट्टीत दारात उभी राहत, म्हणून ती वाचक आहेत हे बाईंना ठाऊक होते; तक्त्यात ती नाहीत हे तक्त्यानेच दाखवले. बाईंनी पुस्तकांची यादी हाताने लिहून वस्तीजवळच्या पिठाच्या गिरणीत लावली. मुले नावापुढे खूण करीत आणि गिरणीवाले काका शनिवारी ती यादी पाठवीत. मला स्वतःला त्या मुलांची आठवण तोवर झाली नव्हती, हेही लिहिले पाहिजे. माझ्या नावावर तेव्हा चार पुस्तके होती.

दहावीत असताना मी सुट्टीच्या दिवशी बाईंना सूची टंकित करण्यास मदत करू लागले. सुमारे 1,400 पुस्तके होती. त्यांपैकी काहींची यादी पूर्वी एका दुकानातून टंकित करून घेतलेली होती, पण ती फोनवर उघडली की, मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसे. जुन्या फाँटमध्ये मराठी वळणे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फाँट नसला की मराठी नाहीशी. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कोठेही मराठीच दिसते आणि शोधताही येते. सगळी यादी पुन्हा करावी लागली.

तरीही ‘वाऱ्यावरची वरात’ सापडेना. पुस्तक कपाटात, नोंद तक्त्यात, आणि शोधले की उत्तर कोरे. दोन दिवस आम्ही त्यात घालवले. कारण असे निघाले की, ‘ऱ्या’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिता येते: एका कळफलकावर ‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरून, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखीच. आमच्या तक्त्याला मात्र ती निरनिराळी. बाई संगणकावर एका प्रकारे लिहीत होत्या, मी फोनवर दुसऱ्या. शिवाय मुले ‘वार्यावरची’ असे लिहीत ते तिसरेच. बाईंनी मग एक जादा रकाना केला आणि त्यात अशा प्रत्येक नावाची सगळी रूपे लिहिली. ‘वि. स. खांडेकर’ हे नाव टिंबांसह आणि टिंबांवाचून असे दोन्ही प्रकारे त्याच रकान्यात गेले. पुढे त्याच रकान्यात त्या मुलांचे शब्दही घालू लागल्या: मेंढरे, दुष्काळ, भूत, क्रिकेट, आई नसलेली मुलगी. अमेरिकेतील लेबलांविषयी त्यांनी काही वाचलेले नव्हते.

बाई या वर्षअखेर निवृत्त होत आहेत. तक्ता त्यांच्या खाजगी खात्यावर आहे; तो शाळेच्या नावावर करून घ्यावा असा अर्ज त्यांनी दिला आहे, त्यावर अद्याप उत्तर नाही. दिवाळीत भेटायला गेले तेव्हा त्या पूर्ण तक्ता कागदावर छापून घेत होत्या. जादा रकान्यामुळे पाने आडवी छापावी लागत होती. मी पाने क्रमाने लावली, त्यांनी दाभणाने भोके पाडून दोरा ओवला आणि ती वही दाखल नोंदवहीशेजारी कपाटात ठेवली.